निवडुंगाचा पत्ता

नव्वदच्या दशकात नवऱ्याच्या नोकरीमागून मी जपानमधल्या त्सुकुबाला गेले. सोबत वनस्पतिशास्त्राची पदवीही नेली होती, पण ती तिथे कुणाला नको होती. बऱ्याच खटपटीने एका संस्थेच्या वनस्पती-संग्रहात अरुबाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, मिळालं. वाळवलेल्या नमुन्यांचे कागद समोर घ्यायचे आणि त्यांवरची माहिती संगणकात भरायची.

माझ्या वाट्याला मेक्सिकोच्या वाळवंटातला एक निवडुंग आला. दगडासारखा राखाडी, बोटभर वाढायला अर्धं आयुष्य घेणारा. निवडुंग काही पिंपळपानासारखा वहीत दाबून वाळत नाही. कारल्याच्या काचऱ्या कराव्यात तशा त्याच्या चकत्या वाळवून कागदावर शिवल्या होत्या, आणि खाली पत्ता: कुठलं गाव, कुठली टेकडी, कुठला उतार. जगात तो त्या एकाच उतारावर उगवायचा. जपानमध्ये तेव्हा निवडुंगांचे शौकीन बोकाळले होते, म्हणून हा पत्ता कुणाला द्यायचा नाही असा नियम होता.

विभागप्रमुख सेन्सेई इतके सभ्य, की ‘नाही’ हा शब्द त्यांच्या तोंडून निघतच नसे. कुणी पत्ता विचारला की ते दातांतून हवा आत ओढायचे, ‘थोडं अवघड आहे’ म्हणायचे आणि माझ्याकडे बघायचे. मग ‘नाही’ मी म्हणायचं. परदेशी बाई उद्धट असणार हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं, त्यामुळे कुणाची मान खाली जात नसे. माझा जन्म पुण्यातला. नाही म्हणायला मला शिकवणी लागली नाही.

इचिकावाचे एक निवृत्त गृहस्थ मात्र चिकाटीचे. दर खेपेला मिठाईची देखणी पेटी आणायचे, कमरेत वाकायचे आणि माझा नकार ऐकून हसतमुखाने परत जायचे. एकदा सेन्सेईंनी स्वतःच तो कागद कपाटातून काढून त्यांच्यापुढे ठेवला. मी तो पालथा घातला. सेन्सेईंनी तो अलगद उताणा केला आणि मला म्हणाले, “चला, आपण चहा करू या.” एका पाहुण्याच्या चहाला आम्ही दोघं लागलो आणि बराच वेळही लागला. कुणी कुणाला काही सांगितलं नाही, म्हणून नियमही मोडला नाही.

घरी येऊन मी तणतणले. त्या उताराचं आता काय होणार, ही धास्ती मनातून जाईना.

“अगं, तुझा व्हिसा डिपेंडंट आहे,” नवरा म्हणाला. “कॅक्टससाठी कशाला भांडतेस? लीव्ह इट ना.” माझ्या वाट्याची मिठाई त्यानेच संपवली. छान होती म्हणे.

पुढच्या वर्षी गृहस्थांनी आख्ख्या विभागाला आपल्या काचघरात बोलावलं. ओळीने कुंड्या आणि प्रत्येकीत तोच राखाडी निवडुंग. बियांपासून वाढवलेली रोपं तुकतुकीत असतात. ही खरचटलेली, सुरकुतलेली, म्हातारी होती. सगळे “सुगोई, सुगोई” म्हणून कौतुक करत होते. मला रडू फुटलं आणि मी रुमालात नाक शिंकरलं. चारचौघांत नाक शिंकरणं तिथे फार असभ्य. सगळ्यांनी दचकून माझ्याकडे पाहिलं. कुंड्यांकडे पाहून कुणी दचकलं नव्हतं.

मग मेक्सिकोहून एक वनस्पतिशास्त्रज्ञ आले. उतारावर आता नुसते खड्डे आहेत, म्हणाले. कुणाकडे जिवंत झाडं असल्याचं तुम्हाला ठाऊक आहे का?

सेन्सेईंनी दातांतून हवा ओढली आणि माझ्याकडे पाहिलं.

“हो,” मी म्हणाले. “इचिकावाला.” आणि मीच त्यांना घेऊन गेले.

गृहस्थांनी त्यांचं अगत्याने स्वागत केलं. निघताना एक कुंडी सुंदर कागदात गुंडाळून दोन्ही हातांनी भेट दिली. पाहुण्यांनी ती छातीशी धरली, बराच वेळ धरली, आणि परत केली. रानातला निवडुंग परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, आणि या झाडाचा कसलाच परवाना नव्हता.

“कागदपत्रं नाहीत म्हणजे अवघडच,” गृहस्थ मनापासून हळहळले, आणि कुंडी परत ओळीत सरळ लावून ठेवली.