कराड ते कवलापूर, विमानानं

“विमानानं बघायचं!” असं म्हणून आमचे मालक कॉम्प्युटरचा स्क्रीन एका बोटानं आपल्याकडे वळवायचे आणि दुसऱ्या हातानं खिशातला बेदाणा तोंडात टाकायचे. बेदाणा कधी कुणाला दिला नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. म्हणोत बापडे. सांगलीच्या विश्रामबागेतल्या ट्रॅव्हल एजन्सीत त्यांच्या हाताखाली मी विमानाची तिकिटं काढली आहेत, मी बोलणार.

तिकिटं कोल्हापूरहून, पुण्याहून उडणाऱ्यांची. पण त्या स्क्रीनवर कुठल्याही दोन धावपट्ट्यांची नावं घाला, अंतर आणि वेळ येतेच. तिथून विमान सुटतं का, हे त्याला कोण विचारतंय? मालक त्यावरून आमच्या रजा ठरवायचे. कराड ते कवलापूर, पंधरा मिनिटं! आता कराडहून प्रवासी विमान सुटत नाही आणि सांगलीजवळच्या कवलापूरच्या धावपट्टीवर मेंढरं चरतात, हे तुम्हांआम्हांला माहीत आहे. मालकांनाही माहीत होतं. म्हणून तर त्यांना मजा यायची.

झाडलोट करणाऱ्या काशीबाईंनी एकदा जतला जायला सुट्टी मागितली.

“जतला धावपट्टी न्हाई. म्हंजे जाताच येत न्हाई. झाडू घ्या.”

“आवं मालक, तिकडं टँकर येत न्हाई, इमान कुठलं?”

आम्ही सगळे हसलो. काशीबाईसुद्धा हसल्या आणि झाडायला लागल्या.

माझ्या शेजारच्या टेबलावर संपत बसायचा, कोयनानगरचा. त्याची आई कराडच्या दवाखान्यात होती. एका दुपारी बहिणीचा फोन आला, आई तुझंच नाव घेतेय, लगेच निघ. संपत मालकांपुढे उभा राहिला. त्यांनी स्क्रीन वळवला.

“पंधरा मिनिटं! ऑफिस बंद करून निघालास तरी च्याला पोचशील, गड्या.”

नोकरी जाईल या भीतीनं संपत खाली बसला. संध्याकाळच्या एसटीनं पोचला तेव्हा आईच्या नाकात कापूस होता. तेरावं उरकून आला, तर मालक म्हणाले, “काय रं, इमान लेट झालं व्हय?” मुडदा बशिवला याचा, अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. संपतनं गुमान कॉम्प्युटर सुरू केला.

गंमत म्हणजे हा मालक जन्मात विमानात बसला नाही. लय भ्यायचा. एकुलता एक मुलगा कराडला नोकरीला. त्याच्याकडे जायचं तर एसटीत खिडकीशी बसून, मांडीवर बेदाण्याचा पुडा घेऊन. पोरासाठी पुडा असायचा.

यंदाच्या उन्हाळ्यात मालक खुर्चीतच कलंडले. समोरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर मला म्हणाले, मुलाला ताबडतोब बोलवा. मी फोन केला, तो निघाला. पण रस्त्याचं काम चाललेलं, गाड्या जागच्या हलेनात. मी दारात फोन घेऊन उभी, उशाशी संपत.

“कुठवर आलाय रं त्यो?”

“पंधरा मिनिटं, मालक.”

थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. “पंधरा मिनिटं.” पुन्हा विचारलं. “पंधरा मिनिटं, मालक.” संपतचा आवाज चढला नाही की उतरला नाही. धीर देतोय असं वाटून नर्सनं त्याचा खांदा थोपटला.

मग मालकांनी मान वळवून त्याच्याकडे नीट पाहिलं. कळलं त्यांना.

“रस्त्यानं सांग रं,” ते म्हणाले. “रस्त्यानं किती?”

संपतनं त्यांच्या अंगावरची चादर सरळ केली.

मुलगा धापा टाकत आला तेव्हा मालकांच्या नाकात कापूस होता. त्यांच्या खिशातले बेदाणे काढून मी त्याच्या हातावर ठेवले.