चाफेवाले काका

हे लिहावं की नाही, या विचारात बरेच दिवस गेले. आमच्या घरात लिहिणं सहीपुरतंच होतं. वडील सातवीपर्यंत शिकले, आई चौथीपर्यंत. कॉलेजात जाणारा मी पहिला, आणि तिथंही उत्तर येत असून हात वर न करणाऱ्यांतला. अशा मुलानं आठवणी वगैरे लिहायला बसणं जरा जास्तच आहे, हे मला कळतं. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. यात माझी एक चूक आहे, आणि ती दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेली बरी, एवढ्यासाठी लिहितोय.

आमचं घर विरारजवळच्या चांदीपला. थोडी भातशेती, आणि घरामागं वाडी. वाडीत सोनचाफा. वडील फुलं विकतात आणि चाफ्याची कलमं बांधून रोपं तयार करतात. दहावीच्या सुट्टीत मी मोबाइलवर एका ग्रुपमध्ये शिरलो. गॅलरीत कुंड्या ठेवणाऱ्या लोकांचा ग्रुप होता तो. बहुतेक नायगाव-वसई-विरारच्या इमारतींत राहणारे, नोकरदार, काही निवृत्त. रोज पानांचे फोटो टाकायचे आणि घाबरून जायचे.

एकदा कोणीतरी विचारलं, कढीपत्ता वाढतच नाही, काय करू? मी जेवताना वडिलांना विचारलं. ते भाकरी मोडत म्हणाले, "त्याला सारखं कुरवालत बसू नका म्हनावं. शेंडा खुडा आनि विसरून जावा." मी ते नीट शब्दांत लिहून टाकलं. महिन्याभरानं त्या माणसानं फोटो टाकला. कढीपत्त्याला चार फांद्या फुटलेल्या. खाली लिहिलं होतं, "धन्यवाद काका!"

मी तिथंच सांगायला हवं होतं की मी काका नाही. नाही सांगितलं. माझ्या नावाच्या जागी 'चाफ्याची वाडी' एवढंच होतं आणि फोटोत झाड. हळूहळू सगळेच 'काकांना विचारा' म्हणायला लागले. कॉलेजात मला कोणी काही विचारत नव्हतं. इथं साठीची माणसं माझ्या उत्तराची वाट बघत होती. ते उत्तर वडिलांचं होतं, हे मी सोयीनं बाजूला ठेवलं.

मग तो चाफा आला. नायगावच्या एका मॅडम होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या यजमानांनी सावंतवाडीकडच्या गावातून चाफ्याचं एक रोप आणलं होतं. यजमान गेले. गावचं मूळ झाड वादळात पडलं. आता त्या झाडाचं जे काही उरलं होतं ते नवव्या मजल्यावरच्या एका मोठ्या कुंडीत. त्याची पानं पिवळी पडत होती. "काका, काय करू?" त्यांनी विचारलं.

वडील त्या दिवशी लग्नाला गेले होते. मी एफवाय बीएस्सीला होतो, आणि त्याच आठवड्यात आम्हाला नायट्रोजनच्या कमतरतेवर शिकवलं होतं. पानं पिवळी म्हणजे नायट्रोजन कमी, नायट्रोजन म्हणजे युरिया. इतकं सरळ मला आयुष्यात काहीच समजलं नव्हतं. मी लिहिलं, "दोन मोठे चमचे युरिया द्या." मॅडमनी दिला. आठ दिवसांत पानं करपून गळाली आणि दोन फांद्या काळ्या पडल्या. त्यांनी फोटो टाकून विचारलं, "काका, हे असं होतं का?"

मी उत्तर दिलं नाही. आठ दिवस ग्रुप उघडलाच नाही.

नवव्या दिवशी उघडला तर ग्रुपच्या ॲडमिननं लिहून ठेवलेलं : काकांची तब्येत बरी नसावी, आपणच त्यांना भेटायला जाऊ, मॅडमचा चाफाही सोबत नेऊ. रविवारी. पत्ता मीच कधीतरी फुशारकीनं दिला होता.

गणपती होऊन गेलेले होते. त्या रविवारी मी नाक्यावर उभा राहिलो. एक रिक्षा आली. तिच्यातून तिघं उतरले. ॲडमिन, म्हणजे विरारचे एक बँकेतले गृहस्थ, हातात पिशव्या. त्यांच्या मागून एक चष्मेवाली ताई, ती कॉम्प्युटरच्या नोकरीत होती आणि ग्रुपवर फक्त मिरच्यांबद्दल बोलायची. शेवटी मॅडम. त्यांनी कुंडी दोन पायांमध्ये धरून आणली होती आणि साडीला माती लागली होती. तिसऱ्या फांदीवर चार पानं शिल्लक होती.

दोन वर्षं मी यांच्याशी रोज बोलत होतो. कोणाची तुळस कधी गेली, कोणाच्या शेजारणीनं पाणी गळतं म्हणून भांडण काढलं, सगळं माहीत होतं. त्यांना बघून मला इतका आनंद झाला की धावत जाऊन हाका माराव्यात असं वाटलं. आणि ते माझ्या अंगावरून पुढं गेले, इकडं-तिकडं एखादा म्हातारा शोधत.

मॅडमच मागं वळल्या. "बाळा, इथे ते चाफेवाले काका कुठे राहतात?"

मी म्हणालो, "या, दाखवतो." आणि कुंडी उचलून पुढं चालू लागलो. याहून भित्रं उत्तर मला सुचलं नसतं.

वडील अंगणात रोपांच्या पिशव्या भरत होते, हात कोपरापर्यंत मातीत. रोपं घ्यायला कॉलेजचे कोणीतरी येणार, एवढंच मी त्यांना सांगितलं होतं. ॲडमिन सरळ जाऊन त्यांच्या पाया पडले.

"अरे, अरे! काय करताव?" वडील मागं सरकले.

"काका, तब्येत कशी आहे? आम्हाला काळजी लागली होती."

"माजी? माजी तब्येत बरी हाय. कोन बोललं?"

चष्मेवाल्या ताईनं पिशवीतून गांडूळखताचं पाकीट काढलं, ऑनलाइन मागवलेलं, वर सोनेरी फीत बांधलेलं. "काका, तुमच्यासाठी."

वडिलांनी ते दोन्ही हातांत घेतलं, उलटंसुलटं बघितलं आणि आईला हाक मारली, "अगं, बघ तरी, यांनी आपल्याला खत आनलंय." आई दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला, पण तिचे खांदे हलताना सगळ्यांना दिसले. आमच्या गोठ्यामागं शेणखताचा ढीग माझ्या उंचीचा होता.

ॲडमिननी आता कागदांचा एक गठ्ठा काढला. काकांचे सगळे सल्ले त्यांनी छापून आणले होते. एक मोठ्यानं वाचला, "झाड मरायला टेकलं की माणूस जास्त पाणी घालतो. माणसाला वाटतं आपण काहीतरी केलं. झाडाला तेवढंच कमी हवं असतं."

वडील मान डोलावत ऐकत होते. "हे बरोबर हाय," ते म्हणाले. "शाना मानूस दिसतो. कोन हाय?"

तिघं एकमेकांकडं बघू लागले. मी कुंडीमागं उभा होतो. आताच बोलायला हवं होतं; मी कुंडीची माती पुसत राहिलो. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्ही सांगितलं तसा मी युरिया घातला, पण..."

"युरिया?" वडिलांचा आवाज एकदम बदलला. ते कुंडीपाशी येऊन उकिडवे बसले, माती बोटानं उकरली, वास घेतला. "कुंडीत? चाफ्याला? असं कुठल्या गाढवानं सांगितलं?"

"मी," मी म्हणालो.

मग सगळं एकदम सांगितलं. काका कोणी नाही, मी एकोणीस वर्षांचा आहे, उत्तरं वडिलांची, युरिया मात्र माझा. कोणाकडंही न बघता बोललो.

चष्मेवाली ताई आधी हसली. "म्हणजे मी दोन वर्षं माझ्यापेक्षा लहान मुलाला 'काका, आशीर्वाद असू द्या' लिहितेय?"

"आनि याने दिले का?" वडिलांनी विचारलं.

"दर वेळी! हात जोडलेलं चित्र टाकून!"

आता आई उघड हसली आणि ॲडमिनही. मॅडम हसल्या नाहीत. त्या ओट्यावर बसल्या आणि मला समोर बोलावलं.

"युरियाचा मला राग नाही," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं मुलांच्या चुका तपासल्यात मी. पण मी विचारलं तेव्हा तू गप्प बसलास. आठ दिवस. मी रोज उठून आधी फोन बघायचे, मग झाड."

मी म्हणालो, "चुकलो."

"मग आता सांग. वाचेल का?"

मला माहीत नव्हतं. मी तसंच सांगितलं, "मला माहीत नाही. त्यांना विचारा." झाडाबद्दलचं हे माझं पहिलं सरळ उत्तर.

वडिलांनी जिवंत फांदीवर नखानं जरासं खरवडलं. आत हिरवं होतं. "मुलं गेलीत," ते म्हणाले. म्हणजे मुळं; त्यांच्या बोलीत ळ नाही. "या मुलांवर नाय जगायची. दुसऱ्याच्या मुलांवर बांधून बघू." त्यांनी बियांपासून वाढवलेलं एक दणकट रोप आणलं आणि विटा रचून कुंडीच्या बरोबरीनं उभं केलं. धारदार चाकूनं रोपाची साल दोन बोटं सोलली, मग मॅडमच्या फांदीची तेवढीच. दोन्ही ओल्या जागा एकमेकींना लावल्या आणि आईनं धुऊन कापून ठेवलेल्या दुधाच्या पिशवीच्या पट्ट्यांनी घट्ट बांधल्या. मला म्हणाले, "धर. हलू देऊ नको." मी धरलं. मॅडमनी खालून माझं मनगट धरलं.

"किती दिवस लागतील?" ॲडमिननी विचारलं.

"दोन महिने. कुंडी इथंच ठेवा. आनि एक सांगून ठेवतो. फांदी लागली का, लागली का, असं मला कोनी विचारायचं नाय. नवी पालवी बोटभर झाल्याशिवाय 'लागली' हा शब्द आमी तोंडातून काढत नाय. माजा बाप पन काढत नव्हता."

"आणि नाही लागली तर?" मॅडमनी हळूच विचारलं.

"तर तसं सांगेन. गप नाय बसनार," वडील म्हणाले, आणि माझ्याकडं बघितलं.

जेवायला आईनं दोन्ही केलं होतं, वालाचं बिरडं आणि सुकट. फ्लॅटमधली माणसं सुकट खाणार नाहीत म्हणून ती झाकून ठेवली होती. चष्मेवाल्या ताईला वास लागला. "काकी, ते झाकलेलं काय आहे?" मग तिनं तीन भाकऱ्या खाल्ल्या, आणि घरी नेता येईल का तेही विचारलं. ॲडमिननी वाडीतल्या प्रत्येक झाडाबरोबर फोटो काढला. मॅडम माझ्या शेजारी बसल्या होत्या. मला कॉलेजात काय अवघड जातं, ते त्यांनी सगळं विचारून घेतलं. इंग्रजीतली पुस्तकं कळत नाहीत हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांना सांगून टाकलं.

"दर शनिवारी संध्याकाळी फोन कर," त्या म्हणाल्या. "एक पान तू वाच, मी ऐकते. आणि न कळलेलं कळलं म्हणायचं नाही."

निघताना तिघांनी वडिलांचा नंबर ग्रुपमध्ये घातला. वडील नको नको म्हणत होते. "मला लिवता येत नाय एवढं."

"बोला मग," ताई म्हणाली. "हे बटण दाबून धरायचं आणि बोलायचं."

वडील त्यानंतर ग्रुपमध्ये एक शब्द बोलले नाहीत. सगळ्यांचं ऐकायचे मात्र. संध्याकाळी ओट्यावर बसून फोन कानाला लावून लोकांच्या वांग्यांच्या तक्रारी ऐकत हसायचे. मला सांगायचे आणि मी लिहायचो, पण आता सुरुवातीला 'वडील म्हणतात' असं. लोक मला बाळ म्हणू लागले. कोणीच ग्रुप सोडला नाही. मला वाटलं होतं निम्मे तरी जातील.

कुंडी वाडीच्या टोकाला जाळीखाली होती आणि तिथं फिरकायला मला बंदी होती. "तुजा हात नको, नजर पन नको," वडील म्हणत. दर शनिवारी मॅडम पान ऐकून झाल्यावर क्षणभर थांबायच्या. विचारायच्या नाहीत. मला ते थांबणं ऐकू यायचं आणि मीही काही बोलायचो नाही, कारण खरंच काही माहीत नव्हतं.

परीक्षा आली तेव्हा मी आगाशीला मावशीकडं राहायला गेलो. तिथून कॉलेजची बस सोयीची. दोन महिने होऊन वर बारा दिवस गेले होते. घरी फोन केला की आई म्हणायची, "अभ्यास कर." त्या 'अभ्यास कर'चा अर्थ मी रोज वेगळा लावायचो.

शेवटचा पेपर देऊन बाहेर आलो आणि फोन चालू केला. ग्रुपमध्ये एकवीस नवे निरोप. सगळ्यांच्या वर वडिलांचा आवाज, त्यांचा पहिलाच. कॉलेजच्या फाटकापाशी, रिक्षांच्या गोंगाटात, मी फोन कानाशी घट्ट धरला. आधी नुसता श्वास, मग कोंबडा, मग आईचं "बोला ना, चालू झालंय," आणि मग वडील, ओरडून, नायगावपर्यंत आवाज तसाच जायचा असल्यासारखे :

"मॅडम, नमस्कार. लागली. तुमची फांदी जुन्या झाडापासून कापून वेगली केली त्याला आठ दिवस झाले, मान टाकली नाय तिने. पालवी बोटभर हाय, मी मोजली. कवा येताव न्यायला?"