पेरवाच्या बिया

सामंतकाकी “सोप्पा आसा” म्हणाल्या की मी त्या शनिवारावर पाणी सोडायचो. सोपं त्यांना असायचं, घाम आमचा निघायचा. सिंगापुरात, हौगांगच्या आमच्या ब्लॉकमध्ये त्या बरोबर आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. त्यांचा आवाज मात्र सगळ्याच मजल्यांवर राहायचा. मूळच्या वेंगुर्ल्याच्या. नातीला सांभाळायला म्हणून मुलाकडे आल्या. नात मोठी झाली, सांभाळायला कोणी उरलं नाही, तेव्हा बाईंनी सबंध ब्लॉक सांभाळायला घेतला. आम्ही काही तशी विनंती केली नव्हती.

पहिली गाठ पडली लिफ्टमध्ये, एका डिसेंबरात. माझ्या बायकोच्या, मेधाच्या, खांद्यावर हात टाकून म्हणाल्या, “गो बाय, शनवारी पेरू करतंय. दोघांय जेवक येवा.”

मेधा पक्की शाकाहारी, आणि त्याहून पक्की पुणेकर. ती खुललीच. “अय्या, पेरूची भाजी! आमच्याकडे पण करतात. आम्ही थोडा गूळ घालतो. आणि बिया मात्र सगळ्या काढायच्या हं, दाताखाली येतात.”

“बियो?” काकी थबकल्या. “सगळ्यो?”

“एकूण एक!”

“पुण्याक तेंका बियो म्हणतत…” असं काहीतरी पुटपुटत काकी आपल्या मजल्यावर उतरल्या. नवीन ज्ञान मिळालेल्या माणसाचा चेहरा होता तो.

शनिवारी मेधा हौसेनं चक्का घेऊन गेली, पेरूबरोबर बरा लागतो म्हणून. काकींनी पातेल्यावरचं झाकण उचललं आणि आत तो होता. म्हणजे टर्की. वेंगुर्ल्याकडे टर्कीला पेरू म्हणतात ही माहिती आम्हाला अशी, वाफेसकट मिळाली. पक्षी एवढा, की जिवंतपणी त्यानं अर्ज केला असता तर सिंगापूर सरकारनं त्याला क्वीन्सटाउनात स्वतंत्र फ्लॅट दिला असता. काकींच्या मुलानं, प्रशांतनं, तो सुपरमार्केटातून आणला तेव्हा म्हणे लिफ्टची वजनाची घंटा वाजली आणि दोन माणसांना खाली उतरावं लागलं.

“बियो सगळ्यो काढलंय गो,” काकी अभिमानानं म्हणाल्या. “एक जरी गावली तर नाव बदलीन. आणि गूळ पण घातलंय.”

हाडं! बाईंनी हाडं काढली होती! एकूण एक! प्रशांतच्या चार बोटांना पट्ट्या होत्या. हार्बरफ्रंटला जहाजांचे करार करणारा माणूस, बिचारा आदली संध्याकाळ पक्ष्याच्या बिया काढत बसला होता. मेधानं सोलकढी-भात खाल्ला, स्वतःचाच चक्का खाल्ला आणि टेबलाखालून माझा पाय तुडवला, कारण मी तिसऱ्यांदा वाढून घेत होतो. काय करणार! वाटणात तो गूळ असा काही उतरला होता की बोलायची सोय नव्हती.

पुढे हे दर वर्षाचं झालं. काकींचा फ्रीज लहान, म्हणून आमचा शाकाहारी फ्रीज रिकामा व्हायचा. काकींची सुरी बोथट, म्हणून आमच्या मोठ्या सुरीसकट मी जायचो. पहिल्या दिवशी रस्सा आणि वडे, दुसऱ्या दिवशी खिमा-पाव, मग कटलेट, मग उरल्यासुरल्याची खिचडी. “एकदा शिजवलो की आठवडो सुटलो. सोप्पा आसा!”

एकदा मी वैतागून म्हणालो, “काकी, जेवणारे चार. बाजारात चांगली कोंबडी मिळते. कशाला हा हत्ती?”

काकींनी नातीच्या बंद दाराकडे बघितलं. त्या घरात चार माणसं होती आणि जेवणाच्या चार वेळा. प्रशांत ऑफिसात जेवायचा. सून ओट्याशी उभ्यानं काकडी चावायची. नातीचं, तन्वीचं, जेवण डब्यातून थेट खोलीत जायचं आणि आतून सिंगापुरी इंग्रजीत आवाज यायचा, “आजी, आय ऑलरेडी एट, लाह!” काकी टीव्हीसमोर एकट्या.

“कोंबडी एकट्याक पुरता रे पुणेकरा,” काकी म्हणाल्या. “पेरवाक माणसां लागतत.”

आणि खरंच, त्या आठवड्यात चौघं टेबलाशी असायचे. भांडत असायचे, पण असायचे.

गेल्या पावसाळ्याआधी काकींच्या गुडघ्यांनी संप केला आणि त्या वेंगुर्ल्याला परतल्या, कायमच्या. जाताना विमानतळावर मला म्हणाल्या, “आता ह्यांचा टेबल म्हणजे चावी ठेवची जागा.” मी म्हटलं, चला, माझा डिसेंबर तरी सुटला. फ्रीज आमचा झाला. मेधानं तो पुसून त्यात पनीर ठेवलं.

या डिसेंबरात बेल वाजली. दारात प्रशांत, छातीशी गोठलेला पक्षी धरून, बोटं आधीच लाल. मागे तन्वी, हातात फोन.

“मोठी सुरी आहे ना तुझ्याकडे? आई म्हणते, सोपं आहे.”

मी देवाला हाक मारली. फोनमधून काकींनीच ओ दिली. “पुणेकरा, आधी हात धू!”

शनिवार गेलाच. फोन तांदळाच्या डब्याला टेकवला आणि काकी वेंगुर्ल्याहून सिंगापूरभर ओरडत राहिल्या. मी कापत होतो, प्रशांत बिया काढत होता, सून वाटण परतत होती. मेधा पनीर बाहेर काढताना मला जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही. गूळ मात्र तिनंच चिरून दिला.

जेवायला बसलो. तन्वीनं फोन पातेल्यावर धरला. “आजी, सी! लुक्स लाइक युअर्स ऑर नॉट?”

“पेरू नको दाखव गो,” काकी म्हणाल्या. “माणसां दाखव.”

तन्वीनं फोन सावकाश फिरवला. प्रशांत, सून, मेधा, मी, मग स्वतःकडे. पलीकडून काहीच येईना. काकी गप्प झालेल्या मी जन्मात पहिल्यांदा ऐकल्या आणि मला ते मुळीच सोसेना.

“काकी,” मी ओरडलो, “तुमच्या मुलाला काही येत नाही. माझ्या ताटात हाड आलंय!”

“बी म्हण, मेल्या,” काकींचा आवाज फुटला, “बी!”