रामाकोन्याचा शेवट

पांढुर्ण्यात भगवंतरावांच्या घरी एक खास शिवी आहे. शिवी म्हणजे तोंड विटाळणारी नव्हे, घरगुती. कोणी काही न पटणारं बोललं की बाकीचे हात झटकून म्हणतात, "झाला रामाकोन्याचा शेवट!" आणि तो विषय तिथंच संपतो. ही शिवी जिच्यामुळे जन्माला आली ती पंचफुलाबाई, भगवंतरावांची बायको, त्या वेळी बहुधा चुलीपाशी भाकरी थापत असते. ती तव्यावरची भाकर जरा जोरात आपटते, हे तिच्या सुनेला, अमिताला, चांगलं ठाऊक आहे.

आता ही भानगड सुरू झाली एका सिनेमापासून. 'एजंट गुलमोहर' नावाचा हेरगिरीचा सिनेमा. आणीबाणी उठली त्या सुमाराला आला होता. हेरगिरीचा म्हणजे उगाच घाबरवणारा नाही हो, मजेचा. हिरो कुल्फीवाल्याचं सोंग घेऊन देशाच्या दुश्मनांमागे फिरतो, त्याच्या बुटात बिनतारी यंत्र, हिरोईनच्या अंबाड्यात कॅमेरा. गुप्त नकाशा चोरीला जातो आणि गद्दार कोण ते शोधायचं असतं. संशय सगळा हिरोईनच्या मामावर. मिशा पिळत पिळत तो मामा असा काही बघायचा, की पहिल्या रांगेतली पोरं त्याच्या अंगावर शेंगांची टरफलं फेकायची.

तेव्हा पंचफुला सौंसरजवळच्या रामाकोना गावची कुवार पोर होती. मैत्रीण उर्मिलासोबत बाजाराच्या निमित्तानं सौंसरला गेली आणि दुपारच्या खेळाला दोघी टॉकीजमध्ये घुसल्या. तिनं पाहिलेल्या सिनेमात मामा निघाला आपल्याच बाजूचा, सरकारचा माणूस. गद्दार निघाला तो सदा हसरा बँडमास्टर, आणि नकाशा होता त्याच्या क्लॅरिनेटच्या नळीत. खेळ सुटल्यावर दोघी पोरी छोट्या रेल्वेगाडीनं रामाकोन्याला परत निघाल्या, आणि गाडीत सगळा रस्ता बँडमास्टरच्या नकला करत होत्या. रुळाच्या बाजूच्या रस्त्यावरून कोणी फटफटीवाला गाडीच्या बरोबरीनं चालला होता. त्याला पाहून तर त्या आणखीच खिदळल्या. ही सगळी हकीकत पंचफुलाबाई आजही रंगवून सांगते, फटफटीवाल्यासकट.

पुढं वर्षाच्या आतच तिला पांढुर्ण्याचं स्थळ आलं. संत्र्याचा बगीचा, चांगलं घर, मुलगा भगवंत. लग्न झालं, आणि नव्या नवरीनं सासरी कौतुकानं 'एजंट गुलमोहर'ची गोष्ट काढली. तिथंच तिचं चुकलं. कारण तो सिनेमा त्याच दिवशी पांढुर्ण्यातही लागला होता, आणि अख्ख्या पांढुर्ण्यानं आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं, की मामाच गद्दार. पोलीस आले, मामाला बेड्या पडल्या, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पडद्यावर 'धन्यवाद' आलं आणि लोक घरी गेले.

"अवो, मामाले बेड्या पडल्या हे खरं हाये," नवी नवरी सांगत होती, "पण त्याच्यानंतर तो सुटते ना! मंग बँडमास्टर सापडते."

"कोणाले सापडते? रामाकोन्यात सापडला असन," भगवंतराव म्हणाले, आणि घर हसून हसून लोटपोट झालं.

बस्स. तेव्हापासून पंचफुलाबाईच्या शब्दाला त्या घरात चिकटलेला हा डाग. बगीच्यात नवी विहीर कुठं घ्यायची, पोराचं लग्न कुठं जुळवायचं, काही म्हणा, तिनं तोंड उघडलं की कोणीतरी हसत म्हणणारच, झाला रामाकोन्याचा शेवट. हसून म्हणतात म्हणजे टोचत नाही असं थोडंच असतं? सिनेमा पुन्हा कुठं लागला नाही, टीव्हीवर आला नाही. बाईनं दाखवायचं तरी काय? उर्मिला लग्न होऊन दूर गेली ती गेली. म्हणजे साक्षीदारही नाही.

तर अशी ही बाई. सासरी आली त्या दिवसापासून बगीच्याची अर्धी राखण तिनं केली, बहर धरण्यासाठी संत्र्याचं पाणी कधी तोडायचं ते झाडाकडे पाहून सांगितलं, पोरं वाढवली. पण घरातल्या मोठ्या निर्णयात तिचं मत म्हणजे जेवणानंतरची बडीशेप. घेतली तर घेतली.

आणि यंदा मात्र गोष्ट नातीवर आली. दिपाली, मुलाची, राजूची, मोठी पोरगी, बारावी झाली आणि म्हणाली, मी नागपूरला वकिली शिकणार. भगवंतरावांनी नकारार्थी मान हलवली. पोरीच्या जातीनं होस्टेलात राहायचं नाही, इथंच बी.ए. करायचं. राजू बापापुढं कधी बोलला नाही, तो आता काय बोलणार! बोलली ती पंचफुलाबाई.

"पोरीचं डोकं चालते. जाऊ द्या तिले."

"तुह्यं तं नेहमीचंच हाये," भगवंतराव म्हणाले. "रामाकोन्याचा शेवट."

दिपाली उठून आत गेली. तिच्या डोळ्यांत पाणी पाहून पंचफुलाबाईच्या काळजात कळ आली. आपली चेष्टा आपण आयुष्यभर सोसली, ती एक वेळ चालली. पण आपल्या शब्दाला किंमत नाही म्हणून पोरीचं नुकसान व्हावं? छे! हे तिला काही केल्या सहन होईना.

त्यानंतर थोड्याच दिवसांत दिपाली मोबाईल नाचवत स्वयंपाकघरात आली. "आजी! एजंट गुलमोहर! कोणीतरी अख्खा टाकला यूट्यूबवर!"

बाईचे हात पिठात होते, ते तसेच राहिले. दिपालीनं खाली लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचून दाखवले. कोणाला कुल्फीची गाडी उडते ते आवडलं होतं. कोणी लिहिलं होतं, असे निरागस हेर आता होत नाहीत. कोणी हिरोच्या पँटीवर घसरलं होतं. शेवटाबद्दल बोलू नका, पाहणाऱ्यांची मजा जाईल, अशी तंबीही एकानं दिली होती.

"शेवट लावू का, आजी?"

"नाही," पंचफुलाबाई म्हणाली. "इथं नाही लावाचा. आपल्या दोघींनीच पाहिला तं तुह्ये आबाजी म्हणतीन, मोबाईलवर काहीबी बनवते आजकाल. साऱ्या गावासमोर लावाचा."

भगवंतराव ज्येष्ठ नागरिक संघाचे अध्यक्ष होते. संघाचा दर महिन्याला दुपारचा कार्यक्रम मंगल कार्यालयात होतो, आणि तिथं एक पद्धत आहे: जे काही पाहिलं-ऐकलं त्यावर प्रत्येकानं माईकवर येऊन अभिप्राय द्यायचा. दिपालीनं आबाजींना गळ घातली, की या खेपेला मोठ्या पडद्यावर तुमच्या काळचा सिनेमा दाखवू. भगवंतराव खूश. शेवट पाहायची त्यांनाही काही गरज वाटली नाही, तो तर गावाला पाठ होता.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं. जुन्या टॉकीजचे ऑपरेटर मोरेश्वरभाऊ खास पहिल्या रांगेत बसवले होते. सिनेमा लावण्याआधी अध्यक्षांनी माईक हातात घेतला आणि रंगात येऊन म्हणाले, "गद्दार मामा हाये म्हणणाऱ्यांनी हात वर करा!" सभागृहात हातांचं रान उभं राहिलं. "अन् बँडमास्टर म्हणणारे?"

एकच हात वर झाला. बांगड्या भरलेला, बायकांच्या रांगेतून.

हसण्याचा असा कल्लोळ उठला म्हणून सांगू! पण बाई हात खाली न करता उभीच राहिली. इतक्या लोकांसमोर ती जन्मात कधी बोलली नव्हती.

"अध्यक्ष साहेब," ती म्हणाली. नवऱ्याला तिनं असं पहिल्यांदाच म्हटलं. "मामा गद्दार निघाला तं मी घरातल्या कोण्याच गोष्टीत तोंड नाही उघडणार. पण बँडमास्टर निघाला तं दिपाली नागपूरले जाईन. हाये कबूल?"

राजू खुर्चीत आक्रसला. पण भगवंतरावांच्या मागं सारं गाव होतं, माघार कशी घेणार? "कबूल!" ते गरजले. "शंभर वेळा कबूल!"

दिपालीनं आजीचा हात घट्ट धरला.

सिनेमा सुरू झाला. कुल्फीची गाडी आली, अंबाड्यातला कॅमेरा आला, म्हातारे शिट्या वाजवू लागले. मामा मिशा पिळत आला तेव्हा कोणीतरी खरंच शेंगांची टरफलं भिरकावली. पंचफुलाबाईला यातलं काही दिसत नव्हतं. तिच्या मनात एकच धास्ती होती. आपल्यालाच स्वप्न पडलं असेल तर? इतकी वर्षं सगळे सांगत आले, तेच खरं निघालं तर पोरीला काय तोंड दाखवू?

मामाला बेड्या पडल्या. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उठूही लागले. भगवंतराव माईककडे निघाले.

आणि सिनेमा संपला नाही.

पडद्यावर मामानं बेडीतून हात सोडवून घेतले, खिशातून सरकारी बिल्ला काढला आणि हसून म्हणाला, आता खऱ्या चोराला बोलवा. उठलेले लोक मटकन खाली बसले. हिरो बँडमास्टरच्या मागं लागला. वरातीतून, मंडपातून, जिलबीच्या कढईवरून उड्या मारत. शेवटी क्लॅरिनेट हिसकावली, फुंक मारली आणि नळीतून गुंडाळलेला नकाशा बाहेर पडला.

"आई गं!" बायकांच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं. "बाई खरी होती वो!"

पंचफुलाबाई ढसाढसा रडत होती आणि त्याच वेळी हसतही होती. दिपालीनं तिला अशी मिठी मारली, की डोक्यावरचा पदर खांद्यावर आला. तिनं तो सावरलासुद्धा नाही.

तेवढ्यात मोरेश्वरभाऊ काठी टेकत उभे राहिले. "पण हे रीळ मी लावलंच नव्हतं! रिळांच्या एकाच पेटीवर दोन्ही गावं चालायची, आधी सौंसर, मंग आपण. बाकीची रिळं त्या दिवशी बसनं आली. शेवटचं तेवढं फटफटीवर यायचं होतं, ते आलंच नाही. वाट पाहून पाहून मी 'धन्यवाद' लिहिलेली काच पडद्यावर लावली. पब्लिक खुशीत गेलं, मीही गप बसलो. दुसऱ्या दिवशी पेटी बैतूलले गेली." मग ते हळूच वळले. "भगवंता, रीळ तं तुह्याजवळ होतं ना बे?"

सगळ्या माना अध्यक्षांकडे वळल्या. भगवंतराव तरुणपणी फुकट सिनेमा पाहायला मिळतो म्हणून टॉकीजची रिळं वाहत, हे गावाला माहीत होतं. ते घसा खाकरू लागले.

"उशीर झाला होता. मले काय माहीत! मले वाटलं, शेवटच्या रिळात काय असते, लग्न अन् गाणं..."

"उशीर काहून झाला होता?" पंचफुलाबाईनं विचारलं.

ती आता चालत चालत पुढं आली होती. कोणी तिला बोलावलं नव्हतं, कोणी अडवलंही नाही. भगवंतराव पंख्याखाली उभे असून त्यांच्या कपाळावर घाम होता. बाईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. सौंसरहून पांढुर्ण्याचा रस्ता सरळ, रामाकोना दुसऱ्याच दिशेला. त्या रस्त्यानं येणारा माणूस उशीर करेल कशाला? आणि एकाएकी तिला ती दुपार आठवली. छोटी गाडी, उर्मिलाचं खिदळणं, रुळाच्या बाजूनं चाललेली फटफटी. तिला हसू फुटलं. ते तिनं ओठांत दाबलं.

"त्या फटफटीच्या मागं पत्र्याचा गोल डबा बांधला होता," ती म्हणाली. "मले आजही दिसते. आम्ही म्हणलो, दूधवाला हाये."

भगवंतरावांचे कान असे लालबुंद झाले, की मागच्या रांगेला सगळं कळलं.

"सांग ना बे!" मोरेश्वरभाऊ ओरडले.

"टॉकीजच्या दारात दिसली होती," म्हातारा पुटपुटला. हातातला माईक चालूच होता, सभागृहभर ऐकू गेलं. "कोण्या गावची हाये ते पाहाले गेलो. रामाकोन्याले उतरली. मंग माह्या मामाले सांगून स्थळ पाठवलं."

बाप रे बाप! त्यानंतर जे झालं ते सांगायला नको. बाया टाळ्या पिटत होत्या, म्हातारे एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. राजू, जो बापापुढं कधी बोलला नाही, तो खुर्चीवर चढून ओरडला, "आबा, पोरगी नागपूरले जाईन!" आणि भगवंतरावांनी भर सभेत बायकोला हात जोडले. नाटकी नाही, खरेच जोडले.

"चुकलो, राजूची माय. सारी जिंदगी तुह्याच गोष्टीवर हसत आलो. दिपाली जाईन. मी स्वतः सोडून देईन तिले."

पंचफुलाबाईनं त्यांचे हात खाली केले आणि हातातला माईक काढून घेतला. पद्धत म्हणजे पद्धत, तिचा अभिप्राय अजून राहिला होता. तिनं डोळे पुसले, पदर सारखा केला आणि साऱ्या सभागृहावरून नजर फिरवली.

"सिनेमा चांगला हाये," ती म्हणाली. "गाणी चांगली, मामा चांगला, कुल्फीवाला तं लय चांगला. हेर मात्र कच्चा होता बाप्पा. फटफटीले डबा बांधून कोणी पाळत ठेवत असते काय?" हसणं ओसरेपर्यंत ती थांबली. मग नवऱ्याकडे पाहून म्हणाली, "पण शेवट रामाकोन्याचाच खरा. आता घरी चला, पोरीची बॅग भराची हाये."