हेगच्या घरातल्या उलट्या खुर्च्या

एका घरात पाच मराठी माणसं राहिली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, दाराशी काढलेल्या बुटांसारखे आपोआप साचतात. द हेगमधलं ते घर सोडून मला बरीच वर्षं झाली. आता मी ब्रेडा शहरात, बायको-मुलीसह नीटनेटका राहतो. पण तिथले कुणी दोघं भेटलो की "आठवतंय का..." सुरू होतं, आणि शेवटची ट्रेन चुकते!

*

पहिल्या दिवशी बॅगा घेऊन आत शिरलो, तर खुर्च्या भिंतीवर! लाकडी खुंट्यांना उलट्या टांगलेल्या.

"बसायचं कुठे?"

"आधी झाडू, मग खुर्ची," मृण्मयी म्हणाली. घर तिनं भाड्यानं घेतलेलं, आणि तिची पीएचडी शेकर लोकांवर. एका लोहाराच्या मुलीनं इंग्लंडहून अमेरिकेत नेलेला हा जुना पंथ. बायका-पुरुष बरोबरीचे, मालमत्ता सगळ्यांची, काम म्हणजेच भक्ती. केर काढायचा तर खुर्च्या खुंटीवर.

"पण उलट्या का?"

"धूळ बसायच्या जागेवर पडू नये म्हणून. माणूस परत आला तर त्याला बसता आलं पाहिजे ना!"

*

हे शेकर लोक लग्न करत नाहीत, सगळे बहीण-भाऊ, असं मी आईला व्हिडिओ कॉलवर सांगून बसलो. तिकडे माझ्यासाठी स्थळं बघणं चाललेलं!

"अरे, मग त्यांची पुढची पिढी कुठून आली?" आई कडाडली.

मृण्मयीनं मागून डोकं घातलं. "दारातून, काकू! जो येईल तो घरचा."

"आणि कुणी आलंच नाही तर?"

मृण्मयी हसली नाही. "म्हणूनच तर आता दोन-चारच उरलेत, काकू."

*

शेकर प्रार्थनेत नाचायचे, अंग थरथरवून पाप झटकायचे. एका शुक्रवारी ऑफिसचा आठवडा झटकायला आम्हीही नाचलो. खालच्या मजल्यावरच्या डच आजी वर आल्या. आम्ही म्हटलं, ही प्रार्थना आहे. "मग देवाला जरा हळू सांगा," म्हणाल्या, "तो बहिरा नाहीये!"

पुढे एकदा मृण्मयीच्या हट्टानं शेकरांसारखं मुक्यानं जेवायचं ठरलं. मिसळ होती. पराग नाकातोंडातून पाणी गाळत होता, पण ब्र काढला नाही. तेवढ्यात बेल वाजली. दारात आजी, हातात फुलं.

"कोण गेलं?" त्यांनी हळूच विचारलं.

*

हा पराग मूळचा आमच्यातला नव्हेच. नोव्हेंबरात आला, "गेमेंटेत पत्ता नोंदवायला दोन आठवडे राहू दे" म्हणून. गेमेंटे म्हणजे इथली नगरपालिका. राहिला एप्रिलपर्यंत. ऊन पडलं आणि साहेबांना ॲमस्टरडॅमला, झुइडासच्या ऑफिसांजवळ बाल्कनीवाला फ्लॅट मिळाला!

मृण्मयीनं सांगितलं, शेकरांकडेही असे पाहुणे यायचे. थंडीपुरती भक्ती करायची, ऊबेला राहायचं, पोटभर जेवायचं आणि वसंतात पसार. त्यांना 'विंटर शेकर' म्हणत.

"मग हाकलायचे का त्यांना?"

"छे! पुढच्या थंडीत परत घ्यायचे."

तिनं त्याला थालीपिठांचा डबा बांधून दिला आणि त्याची खुर्ची खुंटीला टांगली. पुढच्या नोव्हेंबरात बेल वाजली. "फ्लॅटचं हीटिंग बिघडलंय," पराग म्हणाला. ते हीटिंग दरवर्षी नोव्हेंबरातच बिघडायचं!

*

मग एकेक जण निघाला. कुणाचं लग्न, कुणाचं स्वतःचं घर, कुणी पुण्याला परत. निरोपाचं जेवण झालं की मृण्मयी खुर्ची उलटी करून टांगायची. माझीही टांगली. त्या रात्री ट्रेनमध्ये मी चक्क रडलो.

यंदा मालकानं तिला सांगितलं, एकटीला एवढं घर ठेवता येणार नाही. मेअखेरपर्यंत कुणी आलं तर ठीक, नाहीतर किल्ल्या द्या. घर बघायला विद्यार्थी आले, खुंट्यांचे फोटो काढून गेले. राहायला कुणी आलं नाही.

मेच्या शेवटच्या दिवशी मी खोकी बांधायला गेलो. लख्ख ऊन होतं. मृण्मयीनं आमच्या दोघांपुरतं पिठलं केलं होतं. माझी खुर्ची मी खाली काढली. ती काही बोलत नव्हती, मीही नाही. शेकरांसारखं जेवण त्या दिवशी आपोआप जमलं.

बेल वाजली. दारात पराग, दोन मोठ्या बॅगा आणि बाल्कनीतली कुंडी घेऊन.

"अरे, थंडी संपली की!" मी म्हणालो.

त्यानं कुंडी खिडकीत ठेवली. खुंटीवरून आपली खुर्ची काढली, सुलटी केली, सवयीनं हात फिरवला. धूळ नव्हती.

"पिठलं उरलंय का?" त्यानं विचारलं.