गराजमधलं ताट

महामारीत बाबांची नोकरी गेली, तेव्हा घर चालवायला मी कॉलेज सांभाळून इथे अमेरिकेत, आयसेलिनच्या एका देशी किराणा दुकानात लागले. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. कॅश काउंटरवर माझ्या शेजारी उभ्या असायच्या त्या मावशी.

तोंड फार चालायचं त्यांचं. "काका, मास्क वर घ्या. नाक काय नवं आणलंय दाखवायला?" काका हसत मास्क वर घ्यायचे. लोक मुद्दाम मावशींच्याच रांगेत थांबायचे.

संध्याकाळी मी त्यांना राइड द्यायचे, म्हणून घरचंही ठाऊक होतं. नवऱ्याला दमा. आपण दुकानातून संसर्ग घरी नेला तर, या धास्तीने त्या गराजमध्ये बसून जेवायच्या. पुढे लस आली, मास्क गेले, तरी त्यांचं ताट गराजमध्येच राहिलं. लेक म्हणायची, "आई, कम इन ना. इट्स ओव्हर." मावशी म्हणायच्या, "उद्या."

एकदा मी विचारलंच. "जाते गं," त्या म्हणाल्या, "पण टेबलापाशी गेलं की छाती धडधडते."

मग एका सकाळी सगळ्यांदेखत त्यांनी मालकांना सांगितलं, "मंगळवारी दुपारी मी नाही. काउन्सेलरकडे जातेय."

"का, बरं नाही?"

"नाही ना. म्हणून तर."

आपल्या लोकांत हे असं चारचौघांत कुणी बोलत नाही. मला त्यांचा अभिमान वाटला.

हिवाळाभर त्या जात राहिल्या. डिग्री मिळाल्यावर मी पेढे घेऊन त्यांच्याकडे गेले, तेव्हा मावशी आत टेबलापाशी, नवऱ्याच्या शेजारी बसून जेवत होत्या.