हरिदासचं पासिंग

जामच्या चौरस्त्याजवळ माहा धाबा हाये, अन् मी, बंडूजी, आज तुमाले तब्येतीवर सांगून राह्यलो. हसा, हसून घ्या. धाबेवाल्यानं पथ्य सांगणं म्हणजे करून करून भागला अन् देवपूजेले लागला, हे मले समजते. पण हरिदासच्या पोटात गेलेलं निम्मं तेल माह्याच कढईतलं हाये. तवा त्याची गोष्ट माह्याइतकी कोणाले ठाऊक असणार?

हरिदास वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेचा. वय एकोणपन्नास, त्यातले सव्वीस वर्षं ट्रकवर. हिंगणघाटच्या रुईच्या गाठी भरायच्या, कोइम्बतूरले उतरवायच्या, तिकून नारळ भेटो का मशिनरी, जे भेटन ते घेऊन वापस. महिन्यातले पाच-सहा दिवस घरी. त्याची बायको ज्योत्स्ना दर खेपेले चार खणांचा डबा देत होती. ज्वारीच्या भाकरी, मुगाची उसळ, मेथी, शेवटच्या खणात काकडी अन् मुळा. अन् हरिदास एक नंबरचा इमानदार माणूस. बायकोचा डबा वाया जाऊ नये म्हणून वर्ध्याहून निघाला का जाम येईपर्यंत सारा संपवून टाके. मंग माह्या धाब्यावर उतरून म्हणे, "बंडूजी, नाश्ता झाला. आता जेवण लाव."

जेवण म्हणजे काय, तं दालफ्राय, त्याच्यावर तुपाचा तडका, शेवभाजी, तिच्यावर बोटभर तेलाची तर्री, आठ तंदुरी रोट्या अन् लोण्याचा गोळा. चहा असा का त्यात चमचा उभा राह्यला पाह्यजे. पोट स्टेअरिंगले टेकत होतं, त्याचंही त्याले कौतुक. म्हणे, "हात सुटले तरी गाडी सरळ जाते." गेल्या वर्षापासून तं जेवणावर दोन-दोन जग पाणी पेत होता, अन् जेवढं पेला तेवढं दर अर्ध्या घंट्यानं गाडी थांबवून रस्त्याले परत करत होता. माह्या बाजूले बापूरावचं पंक्चरचं दुकान हाये. बापूराव म्हणे, "हरिदासचा रेडिएटर लिक हाये." आम्ही पोट धरधरून हसलो. डॉक्टरले सांगायची गोष्ट आम्ही पंक्चरवाल्याले सांगून मोकळे झालो. एवढे हुशार आम्ही!

दिवाळीनंतर हायवेवर ड्रायव्हर लोकांसाठी तब्येतीचं शिबिर झालं. नागपूरहून एक साहेब आले. बारीक, गोरेगोमटे, हातात पाण्याची निळी बाटली. म्हणाले, "चालक बंधूंनो, अर्धं ताट कोशिंबिरीनं भरा. दर दोन तासांनी गाडी थांबवून दहा मिनिटं चाला. रोज आठ तास झोपा. सकाळी गवतावर अनवाणी चाला, डोळ्यांना चांगलं असतं." हरिदास उठून उभा राह्यला अन् म्हणाला, "साहेब, आठ तास मी झोपलो तं गाठी कोण नेईन, तुमी?" साहेब हसले, पुढचं चित्र लावलं. त्यात एक ब्रोकोली होती. जामच्या बाजारात ब्रोकोली शोधून दाखवा, मी धाबा तुमच्या नावानं करून देतो. शिबिर संपल्यावर हरेकाले डबा भेटला. त्यात दोन आलूबोंडे, एक बुंदीचा लाडू अन् तब्येतीचं पत्रक. पत्रकावर लाडवाचं तूप उतरलं होतं.

हे सारं हसण्यावारी गेलं असतं, पण हरिदासच्या मालकानं नवा ट्रेलर घेतला. अठरा चाकी, थंड हवेची केबिन, झोपायले पलंगावाणी बर्थ. हरिदास त्याच्याभोवती असा फिरला, जसा माणूस लेकीसाठी स्थळ पाहाले गेला. पण मालकानं सांगतलं, नवीन गाडी ज्याले पाह्यजे त्यानं डॉक्टरचा कागद आणावा. शुगर, बीपी, वजन, सारं लिहून सही-शिक्क्यासकट. ज्याच्याजवळ कागद नाई, त्यानं लांबची खेप विसरावी. त्यानं गोदाम ते जिनिंग मिल अन् जिनिंग मिल ते गोदाम करावं.

"मले गोदाम-जिनिंग?" हरिदास म्हणाला. "बंडूजी, त्यापेक्षा मले मारूनच टाका ना! सव्वीस वर्षं मी कोइम्बतूरच्या रस्त्यानं गेलो. आता काय हिंगणघाटातल्या हिंगणघाटात गाठी फिरवू?" हे बोलताना त्याचे डोळे भरून आले होते. मले तवा हसू नाई आलं, खोटं काऊन बोलू.

आता तुमाले गाडीचं पासिंग माईत हाये का? जुनी गाडी रस्त्यावर चालायच्या लायक हाये का नाई, हे दरसाल तपासून घ्या लागते. तं आमच्याकडचे लोक काय करतात, तपासणीच्या आठ दिवस आधी गाडीले नवरीवाणी सजवतात. रंग, रेडियमच्या पट्ट्या, नवा हॉर्न. घासलेले टायर काढतात अन् उसने कोरे टायर चढवतात. गाडी पास झाली का संध्याकाळी घासलेले टायर परत चढले. बापूरावजवळ असे उसने टायर हायेत. सात वर्षांत त्यांनी शंभरेक गाड्या पास केल्या, पण तपासणीच्या रस्त्याशिवाय दुसरा रस्ता पाह्यला नाई. त्यांच्यासारखी तब्येत अख्ख्या जिल्ह्यात कोणाची नसन.

हरिदासच्या डोक्यात तेच शिरलं. म्हणाला, "गाडी आठ दिवसांत पास होते, तं माणूस काऊन नाई होणार?" बापूरावनं मान हलवली, म्याही हलवली. तिघंही शहाणे एका बाजेवर बसलो होतो, विरोध कोण करन?

त्याच्या जुन्या ट्रकचं इंजिन तवाच गॅरेजात उघडलं होतं, म्हणून त्याचा मुक्काम आठ दिवस माह्याकडे. उपास करायले माणसानं जागा निवडली धाब्याची! सकाळी कारल्याचा रस. माह्या मिक्सरमध्ये काढला, तं दोन दिवस गिऱ्हाईक म्हणे, लस्सी कडू हाये. दुपारी काकडी. संध्याकाळी मेथीचं पाणी अन् अर्धी भाकर. बाजूच्या बाजेवर पंजाबातला ड्रायव्हर अंडाकरी ओरपून राह्यला अन् हा काकडीकडे असा पाहून राह्यला, जसं तिनंच त्याचं काई बिघडवलं. मंग ट्रकभोवती शंभर चकरा. अन् पहाटे धाब्याच्या मागच्या गवतात, साहेबानं सांगतलं म्हणून, अनवाणी. म्या म्हटलं, "तिथं बाभळी हायेत बे, काटे हायेत." तो म्हणाला, "मले काई होत नाई." अन् खरंच, आठ दिवस त्यानं एकदाही 'आई गं' केलं नाई. म्या बापूरावले म्हटलं, पाह्य, व्यायामानं माणूस कसा मजबूत होते!

आठव्या दिवशी त्याचा पट्टा एक भोक आत आला. म्हणाला, "कागद भेटला का दालफ्राय, डबल तडका." म्या म्हटलं, "मंजूर."

नवव्या दिवशी सकाळी, उपाशीपोटी, आम्ही दोघं वर्ध्याले गेलो. अस्मिताबाई म्हणून डॉक्टरीण, मालकानंच नाव दिलं होतं. बाईनं बोट टोचलं, पट्टा बांधून बीपी घेतलं. म्हणाल्या, "शुगर एकशे बावीस. बीपी ठीक आहे. वजन करा." हरिदास चपला काढून काट्यावर चढला. "वजन जास्तच आहे, पण फॉर्मपुरतं चालेल. बसा, सही करून देते." अन् त्या टेबलाकडे वळून लिहायले बसल्या. हरिदासचं तोंड असं फुललं होतं का विचारू नका.

तो काट्यावरून उतरला अन् खुर्चीवर जाऊन बसला. मंग मले दिसलं. पांढऱ्या फरशीवर लाल ठसे होते. एक, दोन, तीन. त्याच्या टाचेत बाभळीचा काटा मोडून बसला होता अन् टाच रक्तानं भरली होती. पहाटेपासूनच असन. अन् तो हसून राह्यला होता.

माह्या मनात पह्यले काय आलं, सांगू? मित्राले लागलं, हे नाई आलं. बाई पाह्यतील, हे आलं. म्या खांद्यावरचा दुपट्टा काढला, वाकलो, अन् फरशी पुसून घेतली.

"काय पुसून राह्यला बे?" हरिदास म्हणाला.

"काई नाई."

त्यानं दुपट्टा ओढला. "कोणाचं रक्त हे?"

म्या हळूच म्हटलं, "तुह्यं. टाचेत काटा हाये. चूप बस, सही होऊन राह्यली."

त्यानं पाय उचलून मांडीवर घेतला. पोट मधात येत होतं, तरी घेतला. काटा पाह्यला. बोटानं दाबला. पुन्हा दाबला, जोरात. रक्ताचा थेंब वर आला. हरिदासचा चेहरा पडला. "बंडूजी," तो म्हणाला, "लागून नाई राह्यलं."

"मंग चांगलंच हाये ना! चूप बस म्हणतो."

"मॅडम," तो मोठ्यानं म्हणाला, "थांबा. सही करू नका."

बाई वळल्या. मी त्याचा हात दाबला, त्यानं सोडवून घेतला.

"दोन महिने झाले, मॅडम. आदिलाबादच्या पुढे एक बाई रस्ता ओलांडून राह्यली होती. कडेवर लेकरू. म्या ब्रेक दाबला. मले वाटलं, दाबला. गाडी थांबलीच नाई. खाली पाह्यलं तं पाय ब्रेकच्या बाजूले होता, पत्र्यावर. ते बाई हातभर अंतरानं वाचली. मालकाले म्या सांगतलं का ब्रेक फेल झाला. मालकाच्या मेस्त्रीनं तीनदा ब्रेक खोलला, त्यात काईच नव्हतं. मालक म्हणाला, मेस्त्रीलेच काम येत नाई, अन् त्याले काढून टाकलं. तवापासून मी ब्रेक मारायच्या आधी खाली पाह्यतो का पाय कुठं हाये."

बाईनं पेन बंद केलं. त्याले डोळे मिटायले सांगतले अन् पायाले जागोजागी बारीक दोरा लावत गेल्या. "लागलं तर हो म्हणा." दहा वेळा लावला. हरिदास दोनदा हो म्हणाला.

"वाढलेल्या शुगरनं पायाच्या नसा गेल्या आहेत," बाई म्हणाल्या. "आठ दिवस उपास केलात म्हणून आजचा आकडा बरा दिसला. हा आजार वर्षांचा आहे. तुम्ही गाडी चालवायची नाही. नवीही नाही, जुनीही नाही. आधी पाय वाचवायचा. पुढे काय परत येईल, ते आज मला सांगता येणार नाही."

"सव्वीस वर्षं झाले, मॅडम," तो म्हणाला, अन् रडला. बाईनं त्याची टाच हातात घेतली अन् काटा काढत राह्यल्या. त्याले तेही समजलं नाई.

मले संताप आला. साहेबाचा, मालकाचा, कारल्याचा, साऱ्यांचा. मंग पाह्यलं तं रक्ताचा दुपट्टा माह्याच हातात होता. हरिदासनं विचारलं नसतं, तं म्या त्याले कागद घेऊन, पाठ थोपटून, अठरा चाकांवर बसवून दिला असता. अन् याले मी दोस्ती म्हणत होतो. थू माह्या दोस्तीवर!

बाहेर येऊन त्यानं मालकाले फोन लावला. मले वाटलं, हातापाया पडन, गोदाम-जिनिंग तरी द्या म्हणन.

"मालक," तो म्हणाला, "गाडी दुसऱ्याले द्या. अन् त्या मेस्त्रीले वापस बोलवा. ब्रेक चांगलाच होता."